आधी कुठला कॉक?

सोलापूर,
१८ जानेवारी २०२६

प्रिय बंड्या,

परवा फोनवर तू विचारलंस आणि मी "बघू बे" म्हणून विषय मोडला. राग धरू नकोस. हॉलमध्ये सगळे बसले होते, आणि 'जूनमध्ये वीस वर्षं भरली की हवाई दल सोडतोस का' याचं उत्तर आईसमोर द्यायचं म्हणजे घरातच गड्ड्याची जत्रा भरवायची. आता रात्रीचे दोन वाजलेत. पाणी भरून झालंय, झोप उडालीय.

त्या पाण्याचंच आधी सांगतो. आपल्याकडे नळ चार-पाच दिवसांनी येतो, हे तुला काय सांगायचं. आज पावणेबाराला हौदात धार पडल्याचा आवाज आला आणि अख्खं घर उठलं. थोरली डोळे चोळत जिन्याखाली गेली, दिवा न लावताच कॉक सोडला, मोटर चालू केली. धाकट्यानं ओट्यावर प्यायच्या पाण्याच्या कळशा मांडल्या. ही गच्चीवर. कुणी कुणाशी एक शब्द बोललं नाही, इतकी सवय. मग मलाही हुरूप आला. जिन्यात तीन कॉक आहेत, त्यातला एक मी फिरवला. तो नेमका वरच्या टाकीचा. मोटर खाली चालू, वरची वाट बंद. दोन मिनिटांत पाइपचा जोड निसटला आणि दोरीवरचे धुतलेले कपडे, चपलांचा रॅक, मी, सगळे चिंब. थोरलीनं मोटर बंद केली आणि म्हणाली, "बाबा, तुम्ही झोपा ना. आम्ही करतो." रागावून नाही. पाहुण्याला म्हणतात ना, तसं.

साडेतीन हजार तास उडालोय, बंड्या. एका इंजिनावर एएन-३२ हे मालवाहू विमान उतरवायचा सराव कितीदा केलाय, मोजलेलं नाही. आणि घरातला कॉक कळेना.

तू म्हणतोस, पेन्शन पक्की झाली की बाहेर पड, एअरलाइनला जा, पैसा बख्खळ, घरी राहशील. पैशाचं खरं आहे. 'घरी राहशील' इथं मात्र घोळ आहे, आणि तो नोकरीनं घातलेला नाही. आम्हीच घातलाय.

२०२० पर्यंत आम्ही सगळे बरोबर फिरत होतो. आग्रा, जोरहाट, चंडीगढ. पांढऱ्या रंगात नाव लिहिलेल्या काळ्या ट्रंका आठवतात ना? तू आग्र्याला आलास तेव्हा त्यांचाच दिवाण केला होता, त्यावर झोपलास आणि सकाळी पाठ धरली म्हणून बोंबललास. थोरलीच्या चौथीपर्यंत तीन शाळा झाल्या. हिचं तर फार वाईट. दातांची डॉक्टर, प्रत्येक गावात कुणाच्या तरी दवाखान्यात एक खुर्ची धरायची, पेशंट जमवायचे, आणि एखाद्याच्या रूट कॅनालची तिसरी सिटिंग व्हायच्या आत माझं पोस्टिंग यायचं. "माझे अर्धे कोरलेले दात देशभर पसरलेत," म्हणायची. हसत म्हणायची, म्हणून मीही हसायचो.

मग ३ जून २०१९. जोरहाटहून अरुणाचलातल्या मेचुकाला निघालेलं एएन-३२ बेपत्ता झालं, आत तेरा जण. आम्ही तेव्हा चंडीगढला होतो, पण त्याच विमानाची स्क्वॉड्रन आणि मेचुकाची वाट माझ्या पायाखालची. अवशेष दिसायला आठ दिवस लागले. त्या आठ दिवसांत ही काही बोलली नाही. लोणच्याच्या सगळ्या बरण्या रिकाम्या करून धुतल्या, वाळवल्या, परत भरल्या. अकरा तारखेला बातमी आली त्या रात्री एवढंच म्हणाली, "उद्या काही झालं तर पोरांना गाव कुठलं सांगायचं मी?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. पुढच्या वर्षी जुळे सोलापुरात घर घेतलं, तिनं खालच्या मजल्यावर स्वतःची खुर्ची टाकली. मी ट्रंका घेऊन एकटा निघालो.

घर छान बसलं रे. तिचा दवाखाना चालतो, आईच्या गुडघ्यांकडे कुणीतरी बघतं, पोरं मराठीत भांडतात (आग्र्यात 'मम्मी, इसको बोलो ना' चालायचं). पण इतकं नीट बसलं की त्यात मला जागाच ठेवायची राहून गेली. शाळेचा फॉर्म परवा माझ्या हातात पडला. तातडीच्या वेळी संपर्क: पहिला नंबर आईचा, दुसरा मामाचा. तिसरी ओळ कोरी. बरोबरच आहे म्हणा. मी जोरहाटला, तिथून कोलकाता, मग हैदराबाद, मग गाडीनं सोलापूर. पोरगं शाळेत पडलं तर टाके निघायच्या वेळेला पोचणार.

जवळ बदली मागायची सोयही नाही, हे तुला नेहमी सांगतो आणि तू विसरतोस. बीदर आपल्याला सगळ्यात जवळ, पण तिथं हॉक विमानं, लढाऊ वैमानिक होणाऱ्या पोरांचं शिक्षण. पुण्यात सुखोई. आम्ही ओझेवाले. आमचं काम जिथं रस्ता पावसात वाहून जातो तिथं.

आणि ते काम मला आवडतं, हेही लिहून टाकतो, कारण फोनवर कधी बोलत नाही. मेचुकाला पहाटेच निघायचं. दुपारी दऱ्यांत ढग भरतात, वारा उठतो. दरी अरुंद होत जाते, आणि एका जागेच्या पुढं गेलं की विमान वळवायला जागा उरत नाही. परत फिरायचं तर त्याच्या आधीच ठरवायचं. विमानाच्या पोटात तांदूळ, मीठ, औषधं. खाली उतरलं की लोक धावपट्टीच्या कडेला येऊन उभे असतात. पुढची बढती मिळाली तर हे कमी होणार आणि टेबल वाढणार, तेही दिसतंय.

एअरलाइनचा हिशेब मीही मांडून बघितलाय. डीजीसीएच्या, म्हणजे नागरी विमान खात्याच्या, परीक्षा द्याव्या लागतील, चाळिशीत पुन्हा हवामानशास्त्र घोकायचं. वर्षाला हजार तासांपर्यंत उडवता येतं, आणि आठवड्याची सलग विश्रांती गेल्या जुलैपासून ३६ वरून ४८ तासांची झालीय. त्या ४८ तासांत दिल्लीहून सोलापूर गाठून परत जायचं. तू दर पंधरवड्याला हुतात्मा एक्सप्रेसनं येतोस, तसाच मी, फक्त पगार जास्त. होटगी रोडला विमान येतं म्हणतोस, तर ते खरं. विमानांच्या वाटेत येणारी साखर कारखान्याची चिमणी २०२३ च्या जूनमध्ये पाडली आणि दोन वर्षांनी गोव्याचं छोटं एटीआर विमान सुरू झालं. धाकटा गच्चीवरून बघतो आणि म्हणतो, "बाबा, हेच चालवा की, जेवायला घरी याल." याला काय सांगू?

परवा सिद्धेश्वराच्या जत्रेतल्या अक्षता सोहळ्याला गेलो होतो, किती वर्षांनी. संमती कट्ट्याभोवती मुंगी शिरणार नाही अशी गर्दी, सातही नंदीध्वज उभे, आणि "दिड्डम दिड्डम, सत्यम सत्यम" ऐकताना अंगावर काटा आला. ही शेजारी अक्षता टाकत होती. मध्येच कानाशी येऊन म्हणाली, "त्या कुंभारकन्येचं लग्न सिद्धरामेश्वरांशी नाही लागलं, त्यांच्या योगदंडाशी लागलं. माहितीय ना? माझं तुमच्या टोपीशी लागलंय." आणि पुढची अक्षता टाकली. पंधरा वर्षांत हे एकच वाक्य तक्रारीसारखं बोलली असेल, तेही जत्रेत.

घरी येताना विचारलं, सोडू का? म्हणाली, "सोडायचं तर तुमच्यासाठी सोडा. आमच्यासाठी सोडलंत तर रोज संध्याकाळी आम्हालाच त्याचं बिल द्याल." मग म्हणाली, "आणि आलात तर थोडं सरकायला वेळ द्या आम्हाला." सरकायला हा शब्द तिनं सहज वापरला असेल, पण मला तीन दिवस पुरलाय.

अर्ज लिहिलेला आहे. शेंगाचटणीच्या डब्याखाली ठेवलाय, तारीख टाकलेली नाही. आईनं तो डबा दोनदा उचलून तिथंच ठेवला, म्हणजे तिलाही माहीत आहे.

मंगळवारी निघतोय. हैदराबादची रात्रीची गाडी आहे, तू तोवर येऊ शकलास तर बघ. जाण्याआधी एक काम केलं. मघाशी कपडे पिळून झाल्यावर थोरलीला उठू न देता पाण्याची चेकलिस्ट लिहिली, कॉकपिटात असते तशी, आकडे घालून. हौद, मोटर, कॉक एक, दोन, तीन. जिन्यात चिकटवली. आत्ता पाणी प्यायला उठलो तर तिसऱ्या ओळीवर लाल पेनानं काट आहे आणि खाली तिच्या अक्षरात लिहिलंय: 'आधी गच्चीवरचा. मग हा. पुढच्या वेळी मी दाखवते.'

तुझा,
पायलट