आई-बाबा, या उन्हाळ्यात शिकागोला याच

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार,

परवा फोनवर बाबा म्हणाले, "तिथे येऊन आम्ही दिवसभर चार भिंतींत बसायचं का?" तेव्हा रोहन रडत होता म्हणून धड उत्तर देता आलं नाही, आणि तो प्रश्न मनातून जाईना. म्हणून सविस्तर लिहिते.

बाबा, तुम्ही आयुष्यभर सावानात, म्हणजे नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयात बसून पेपर वाचलेत. इथल्या वाचनालयाची गोष्ट तुम्हाला आवडेल. 1871 च्या आगीत शिकागोचा जवळजवळ तिसरा हिस्सा जळाला. इंग्लंडमधल्या लोकांना वाटलं, तिथलं वाचनालयही गेलं असणार. त्यांनी आठ हजारांवर पुस्तकं गोळा करून पाठवली, त्यात खुद्द राणी व्हिक्टोरियाने दिलेलीही होती. खरं तर आगीआधी गावात सर्वांसाठी मोफत वाचनालय नव्हतंच! आता पुस्तकं आली, पण ठेवायची कुठे? आगीतून वाचलेली एक लोखंडी पाण्याची टाकी होती. तिच्या गोल भिंतींना फळ्या ठोकून 1873 मध्ये वाचनालय सुरू झालं. टाकीत वाचनालय! ज्यांचं घरदार नुकतंच जळालं होतं, त्यांनी पुस्तकांसाठी एवढी खटपट केली, याचं मला फार अप्रूप वाटतं.

पुढे 1897 मध्ये मिशिगन अव्हेन्यूवर त्याच वाचनालयाची दगडी इमारत उभी राहिली. आज तिला शिकागो कल्चरल सेंटर म्हणतात. आत पाऊल टाकलं की पांढऱ्या संगमरवराचा जिना लागतो. कठड्यावर रंगीत काचेचं आणि शिंपल्याचं नक्षीकाम, मधे हिरव्या दगडाच्या गोल चकत्या, आणि त्यांवर लेखकांची नावं. जिना चढून गेलं की डोक्यावर टिफनी या काचकाम करणाऱ्या कंपनीचा काचेचा घुमट, 38 फूट रुंद. त्यात माशाच्या खवल्यांसारखे काचेचे तुकडे बसवलेत. मधल्या काळात वरून आच्छादन घालून त्याचा उजेडच बंद केला होता. 2008 मध्ये दुरुस्ती झाली आणि पुन्हा सूर्यप्रकाश आत यायला लागला. आई, ढग सरकला की सगळ्या दालनाचा रंग बदलतो. तिथे तू कितीही वेळ बसलीस तरी कोणी उठ म्हणणार नाही. तिकीट नाही, काही विकत घ्यावं लागत नाही. ही इमारत पाडायची बोलणी 1970 च्या सुमारास झाली होती. लोकांनी विरोध केला म्हणून ती आज उभी आहे.

तिथून दक्षिणेला थोडं चाललं की आर्ट इन्स्टिट्यूट हे कलासंग्रहालय. 1893 ची सर्वधर्म परिषद याच इमारतीत भरली होती. विवेकानंदांचं भाषण तुम्ही आम्हाला पाठ करायला लावलं होतंत. त्याच परिषदेत मुंबईच्या ब्राह्मो समाजाचे बी. बी. नगरकरही बोलले होते, हे मात्र मला इथे आल्यावर कळलं. 2010 मध्ये मुंबईचे चित्रकार जितीश कल्लाट यांनी विवेकानंदांचे ते शब्द तिथल्या मोठ्या जिन्याच्या पायऱ्यांवर दिव्यांनी उमटवले होते.

पण मला स्वतःला सगळ्यात जवळची वाटते ती शिकागोच्या दक्षिण भागातल्या साउथ शोअर वस्तीतली जागा. मिशिगन सरोवराच्या काठावर 1905 साली श्रीमंतांनी तिथे क्लब काढला. नाचाचा हॉल, गोल्फ, स्वतःचा किनारा, सगळं होतं. कृष्णवर्णीयांना आणि ज्यूंना मात्र सभासद होता येत नसे. कालांतराने आजूबाजूची वस्ती बहुतांशी कृष्णवर्णीयांची झाली, तरी क्लबाचं दार त्यांना बंदच राहिलं. शेवटी क्लब बुडाला आणि 1970 च्या दशकात शहराच्या पार्क डिस्ट्रिक्टने, म्हणजे बागा सांभाळणाऱ्या सरकारी संस्थेने, जागा विकत घेतली. इमारत पाडायचा विचार होता. ज्यांना कधी आत घेतलं नव्हतं, त्याच शेजाऱ्यांनी ती वाचवण्यासाठी लढा दिला. आज तिथे मुलांचे नाचाचे आणि चित्रकलेचे वर्ग चालतात, लग्नं लागतात. ओबामांच्या लग्नाचा स्वागत समारंभही 1992 मध्ये तिथेच झाला. बाबा, राग धरून ती इमारत पडू देणं किती सोपं होतं! त्या माणसांबद्दल मला मनापासून आदर वाटतो.

आणि संध्याकाळी गाणं-बजावणं. जूनच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत मिलेनियम पार्कात ऑर्केस्ट्राचे कार्यक्रम असतात. मंदीच्या काळात, 1935 मध्ये, बेकार वादकांना काम मिळावं म्हणून ते सुरू झाले. हिरवळीवर सतरंजी टाकून फुकट ऐकता येतं. लोक घरून डबे आणतात. आई, तुझ्या हातच्या मेथीच्या पुऱ्या घेऊन जाऊ. गुडघ्यांची काळजी करू नकोस, घडीची खुर्ची घरी आहे.

तेव्हा जूनच्या दुसऱ्या आठवड्याचं तिकीट बघते. दोघांच्या पासपोर्टचे पहिल्या आणि शेवटच्या पानाचे फोटो व्हॉट्सॲपवर टाका, आणि बाबा, डॉक्टरांकडून तीन महिन्यांच्या गोळ्यांची चिठ्ठी आत्ताच लिहून घ्या.

तुमचीच,
मनू