मंत्री महोदय, मार्चअखेर म्हणाला होतात, आता ऑगस्ट आला

मा. मंत्री महोदय,
सप्रेम नमस्कार. मी नाशिकची, सिडकोत राहते, केमिस्ट्रीत पीएचडी करतेय. डिसेंबरपासून फेलोशिप थांबलीय. फेब्रुवारीत तुम्ही आमच्यासमोर स्टेजवर सांगितलंत, मार्चअखेर खात्यात जमा होईल. आज ऑगस्ट लागला, आठ महिन्यांचा एक रुपया नाही. फोन केला तर तुमच्याकडचे साहेब म्हणाले, "कॉम्प्युटरवरच करता ना, मग खर्च कसला?"

खर्च कसला ते ऐकाच. डिझेलमधलं गंधक काढायला रिफायनरीत मॉलिब्डेनम सल्फाइडचा कॅटॅलिस्ट (रासायनिक क्रिया वेगाने घडवणारा पदार्थ) लागतो, जोडीला कोबाल्ट नाहीतर निकेल. २०२० च्या एप्रिलपासून बीएस-६, म्हणजे गाड्यांच्या प्रदूषणाचा नवा नियम आला, गंधकाची मर्यादा ५० पीपीएमवरून (दहा लाख भागांत ५० भाग) थेट १० वर. गंधकाचे साधे रेणू पटकन सुटतात, पण डायबेन्झोथायोफिन नावाच्या मोठ्या रेणूत गंधकाच्या दोन्ही अंगांना मिथाइल (कार्बनचे छोटे गट) बसले की तो चिवट होतो, त्याचं गंधक धातूपर्यंत पोचतच नाही नीट. सल्फाइडच्या थराचा सपाट भाग जवळपास निष्क्रियच असतो, खरं काम कडेला चालतं, जिथून गंधकाचा एखादा अणू निघून जागा मोकळी झालीय तिथे. रेणू त्या जागी उभा चिकटतो का आडवा, किती घट्ट, हे मी डीएफटीने, म्हणजे कॉम्प्युटरवर इलेक्ट्रॉनांचं गणित मांडायच्या पद्धतीने काढते. आडव्या रेणूला व्हॅन डर वाल्सचं (रेणूंमधल्या हलक्या ओढीचं) करेक्शन लावलं नाही तर आकडाच चुकतो, म्हणून सगळं परत चालवायला घेतलं होतं. आमच्या मशीनवर एकेका स्ट्रक्चरला आठ-दहा दिवस लागतात हो.

गेल्या महिन्यात नवव्या दिवशी रात्री लाईट गेली. यूपीएसची बॅटरी कधीच मेलेली, नवी मी फेलोशिप आली की घेणार होते. सकाळी लॅबमध्ये आले तर स्क्रीन काळी, आणि जिथे थांबलं तिथून पुढे चालवायची रीस्टार्टची फाईल अर्धीच लिहिलेली, उघडेचना. नऊ दिवस गेले. खुर्चीत बसून रडले मी.

पप्पा सातपूरला शिफ्टला जातात, रिटायरमेंटला दोन वर्षं राहिलीत. अठ्ठाविसाव्या वर्षी मी त्यांच्याकडे बसभाडं मागते, ते काही न बोलता देतात, आणि तेच जास्त लागतं मनाला.

पुण्यात आयसर या विज्ञान संस्थेत परम ब्रह्म हा सुपरकॉम्प्युटर आहे, चांगलंच आहे, पण नाशिकच्या, जळगावच्या, धुळ्याच्या पोरांनी काय करायचं? देश जीडीपीचा १ टक्काही संशोधनावर घालत नाही आणि जो पैसा घालतो तोही टेबलाटेबलावर अडकतो, प्रत्येक टेबल म्हणतं फाईल पुढे गेली. मग "मुलं बाहेर का जातात" असं आम्हालाच विचारतात!

थकलेले आठ महिने याच महिन्यात द्या, पुढच्या हप्त्याची तारीख लेखी द्या. माझं रजिस्ट्रेशन डिसेंबरला संपतंय.

आपली,
एक पीएचडी करणारी मुलगी, नाशिक