२५० च्या पीकवर बोट ठेवणाऱ्या मॅडमना

मॅडम,

फोनवर थँक्यू म्हटलं होतं, पण मन भरलं नाही म्हणून इथे सगळ्यांसमोर लिहितेय, आणि जुन्या मशीनवर एसटीआर (डीएनएतल्या पुन्हा पुन्हा येणाऱ्या छोट्या तुकड्यांची लांबी मोजून ओळख पटवायची चाचणी) करणाऱ्या बाकीच्यांनाही हे कळू दे.

आमची एबीआय ३१० (डीएनएचे तुकडे लांबीप्रमाणे वेगळे करणारी मशीन), एकच कॅपिलरी, म्हणजे बारीक नळी, एका सॅम्पलला साधारण अर्धा तास, म्हणजे सकाळी ॲलेलिक लॅडर (माहीत असलेल्या ॲलेलचं, म्हणजे एकाच जागेच्या वेगवेगळ्या रूपांचं, तुलनेसाठीचं मिश्रण) लावला तरी शेवटची सॅम्पल्स संध्याकाळपर्यंत चालूच. आणि दुपारनंतरच्या सॅम्पल्सना सॉफ्टवेअर ऑफ लॅडर म्हणायचं, म्हणजे लॅडरमधल्या कशाशीच जुळत नाही. टीएच०१ या जागेवर ९.३ आणि १० या ॲलेलमध्ये फरक एका बेसचा, बिन (ॲलेल ओळखायची खिडकी) दोन्हीकडे अर्ध्या बेसची, तिथे पीक (आलेखातलं टोक) जरा सरकलं की संपलंच. पॉलिमर नवा, बफर नवा, फॉर्मामाइड नवं, स्क्रीनवर तापमान बरोब्बर ६०. सगळे म्हणत होते कॅपिलरी बदला.

तुम्ही आलात आणि सॅम्पल्सकडे बघितलंच नाहीत, आधी साइझ स्टँडर्डचे (प्रत्येक सॅम्पलमध्ये मापासाठी घातलेल्या, माहीत लांबीच्या तुकड्यांचे) सगळे रन एकावर एक टाकायला लावलेत, आणि त्यातल्या २५० बेसच्या तुकड्याच्या पीकवर बोट ठेवलंत. साइझिंग करताना तो वगळायचा एवढंच आम्हाला शिकवलेलं. का वगळायचा ते तुमच्याकडून कळलं: तो तुकडा पॉलिमरमध्ये डीएनए सरळ ठेवणारं युरिया असूनही, ६० डिग्रीलाही पूर्ण सरळ राहत नाही, स्वतःवरच थोडा दुमडतो, म्हणून लवकर पोचतो आणि २४६ च्या आसपास दिसतो, आणि किती दुमडेल ते तापमानावर. म्हणजे मशीनच्या आतला थर्मामीटरच तो! सकाळच्या आणि दुपारी चारच्या रनमध्ये तो एका बेसहून जास्त सरकला होता.

मग दार उघडून तुम्ही कॅपिलरीवरून नखाने हळूहळू खालपर्यंत आलात आणि कॅपिलरी गरम ठेवणाऱ्या हीट प्लेटच्या खालच्या टोकाला टेप सुटलेली सापडली, कॅपिलरी तिथे प्लेटपासून जराशी उचललेली. दुसरा हात हवेत धरून म्हणालात, "एसी सरळ इथेच येतोय." ते ६० प्लेटचं, डीएनएचं नाही, हे तेव्हा डोक्यात शिरलं. १५ किलोव्होल्टला पॉलिमर स्वतः तापतो, ५० मायक्रॉनच्या नळीतून ती उष्णता बाहेर जाते ते नळी प्लेटला नीट चिकटलेली असेल तरच, आणि दोन्ही टोकं तर खोलीच्याच हवेत. एका डिग्रीला वेग साधारण २ टक्क्यांनी बदलतो. साइझ स्टँडर्ड त्याच नळीतून जातो म्हणून बरंचसं सांभाळून घेतो, पण त्याचे तुकडे आणि आपले ॲलेल यांचा सिक्वेन्स वेगळा, दोघं सारखे सरकत नाहीत, थोडा फरक उरतोच. आणि आमचं सगळं त्या थोड्यावरच अडलं होतं.

टेप नवी लावली, एसीची पट्टी फिरवली, आता प्लेट पूर्ण तापल्याशिवाय पहिलं इंजेक्शन देत नाही आणि लॅडर सकाळी एकदाच न लावता मध्ये मध्ये लावतो. आता २५० सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकाच जागी, आणि ९.३ त्याच्या बिनमध्ये.

रिटायर झाल्यावर, सुट्टीच्या दिवशी, एसटीने येऊन तुम्ही हे शिकवलंत, खूप खूप आभार मॅडम. पुढच्या महिन्यात नवी कॅपिलरी बसवतेय, टेप लावून झाली की फोटो पाठवते, खालचं टोक बरोबर आहे का तेवढं बघून सांगा.

तुमची,
लॅबमधली विद्यार्थिनी