आधी नोकरी की आधी सिबिल?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

बँक भरतीच्या जाहिराती निघाल्या की तालुक्याच्या गावातल्या अभ्यासिका पहाटेपासून भरू लागतात. वयोमर्यादा, पदवी, आरक्षण, परीक्षा केंद्र हे सगळे मुले बोट ठेवून वाचतात. त्याच जाहिरातीच्या पोटात बारीक टाइपातले एक कलम असते, तिथपर्यंत सहसा कोणी पोहोचत नाही. स्टेट बँकेच्या 2020 च्या जाहिरातीत ते साधारण असे होते: कर्जाची किंवा क्रेडिट कार्डाची परतफेड थकवल्याची नोंद ज्यांच्या नावे आहे, किंवा ज्यांच्याबद्दल सिबिल (कर्जदारांच्या परतफेडीची नोंद ठेवणारी कंपनी) वा तत्सम संस्थेचा प्रतिकूल अहवाल आहे, ते नेमणुकीस पात्र नाहीत.

हे कलम शोभेसाठी छापलेले नाही. स्टेट बँकेतील अधिकारीपदासाठी 2020 च्या जाहिरातीनुसार निवड झालेल्या तमिळनाडूतील एका उमेदवाराला 2021 मध्ये नेमणूकपत्र मिळाले आणि सिबिल अहवाल पाहून ते महिन्याभरात रद्दही झाले. जाहिरात निघाली तेव्हा आपल्याकडे एक पैचीही बाकी नव्हती, असे त्याचे म्हणणे होते. मद्रास उच्च न्यायालयाने जून 2025 मध्ये बँकेचा निर्णय कायम ठेवला. बँकेची अट केवळ पैसे फेडण्याची नसून परतफेडीची नोंद स्वच्छ असण्याची आहे आणि उमेदवार ती अट वाचूनच परीक्षेला बसला होता, असा त्या निकालाचा आशय. कायद्याच्या अंगाने त्यात खोट काढणे अवघड आहे. जाहिरातीत लिहिले आहे ना, मग झाले. माझी तक्रार निकालाबद्दल नाही, जाहिरातीत जे लिहिले आहे त्याबद्दल आहे.

इतर सरकारी बँकांची भरती आयबीपीएस ही संस्था करते. तिने 2023 च्या जाहिरातींत तर आकडाच घातला होता: रुजू होताना सिबिल स्कोअर, म्हणजे परतफेडीच्या नोंदीवरून मिळणारे गुण, किमान 650 हवा. 300 ते 900 च्या या मापात, ज्याने कधी कर्जच घेतले नाही त्याच्या नावापुढे उणे एक दिसतो. हा उणे एक 650 पेक्षा कमी धरायचा की नाही, यावर अभ्यासिकांत किती डोकेफोड झाली ते मी पाहिले आहे. पुढच्या भरतीपासून हा आकडा वगळला गेला. संसदेतही 2025 मध्ये हा प्रश्न आला, तेव्हा सरकारने नवी रीत सांगितली ती अशी: रुजू होण्याआधी अहवाल दुरुस्त करून आणा किंवा ज्या संस्थेची बाकी दिसते तिच्याकडून ना देय दाखला आणा. यातले काही जमले नाही, तर निवडीचे पत्र मागे घेतले जाऊ शकते.

माझे सारे आयुष्य बँकेच्या नोकरीत गेले, त्यामुळे दुसरी बाजू मला ठाऊक नाही असे नाही. तिजोरीची किल्ली ज्याच्या हाती द्यायची त्याच्या अंगावर कर्ज किती आहे हे पाहणे बँकेचा हक्कच आहे. गळ्यापर्यंत बुडालेला माणूस रोख काउंटरवर बसवू नये, हे मी शाखाधिकारी असताना स्वतः पाळले आहे. पण बावीस-चोवीस वर्षांच्या पोराच्या नावावरची थकबाकी आणि मुरलेल्या कर्जबुडव्याची थकबाकी एकाच चाळणीतून कशी काय काढायची?

ही थकबाकी येते कुठून ते पाहा. सगळ्यात मोठा वाटा मला शैक्षणिक कर्जाचा दिसतो. अभ्यासक्रम संपल्यावर साधारण वर्षभराची सवलत असते, मग हप्ता सुरू होतो. शिकत असतानाचे व्याज मुद्दलात चढलेले असते. आमच्या खानापूर-आटपाडी पट्ट्यातला मुलगा अभियांत्रिकी करून परत येतो, कंपनीत नोकरी मिळत नाही किंवा मिळते ती दहा-बारा हजारांची, म्हणून तो स्पर्धा परीक्षेकडे वळतो. प्रिलिम, मेन्स, मुलाखत यांत एक-दोन वर्षे सहज जातात. इकडे तीन महिने हप्ता गेला नाही की खाते एनपीए, म्हणजे बँकेच्या लेखी अनुत्पादक, होते. कर्ज मुलाच्या नावावर, सहकर्जदार बाप, म्हणजे दोघांचेही सिबिल खराब. ज्या बँकेने नोकरी लागेल या भरवशावर कर्ज दिले, तीच आता कर्ज थकले म्हणून नोकरी नाकारते. केरळ उच्च न्यायालयाने 2023 मध्ये, सिबिल स्कोअर कमी आहे एवढ्यावरून विद्यार्थ्याचा शैक्षणिक कर्जाचा अर्ज फेटाळू नये, असे म्हटले होते. कर्ज देताना जो विचार न्यायालयाला पटला तो नोकरी देताना बँकांना का पटू नये?

बाकीचे प्रकार छोटे, पण संख्येने पुष्कळ. हप्त्यावर घेतलेला मोबाइल. मॉलमध्ये गळ्यात मारलेले, एकदाही न वापरलेले क्रेडिट कार्ड आणि त्याच्या वार्षिक शुल्कावर चढत गेलेला दंड. मित्राच्या मोटारसायकलीला जामीन राहून केलेली सही. यात आणखी एक फसगत आहे. वसुलीवाला फोन करतो, ‘निम्मे भरा, प्रकरण मिटवून टाकू.’ पोरगा उसनवारी करून भरतो आणि सुटलो म्हणतो. अहवालात मात्र त्या खात्यापुढे ‘सेटल्ड’ असा शेरा पडतो. पूर्ण पैसे आले नाहीत, असा त्याचा बँकेच्या लेखी अर्थ. हा शेरा वर्षानुवर्षे राहतो आणि तो पडणार आहे हे फोनवरचा माणूस कधी सांगत नाही.

आता चुकांबद्दल. माझ्या माहितीतल्या एका मुलीने शिकवण्या घेऊन कर्ज पै-पैशासह फेडले. खाते बंद झाल्याची पावती तिच्याकडे होती. तरी अहवालात खाते चालू आणि थकीतच दिसत होते, कारण कर्ज देणाऱ्या शाखेने बंद खात्याची माहिती वर पाठवलीच नव्हती. निवडपत्र हातात आणि दाखल्यासाठी हेलपाटे, अशी तिची गत झाली. शाखेत सांगत, मुख्य कार्यालयाकडे जा. मुख्य कार्यालय म्हणे, सिबिलकडे तक्रार करा. सिबिलचे उत्तर असे की बँकेने दुरुस्ती पाठवल्याशिवाय आम्हाला काही बदलता येत नाही. तेही खरेच आहे. वेळेत दाखला मिळाला म्हणून ती आज नोकरीत आहे.

रिझर्व्ह बँकेचे नियम कागदावर चांगले आहेत. तक्रार 30 दिवसांत निकाली काढायची, नाही निघाली तर पुढच्या प्रत्येक दिवसाला 100 रुपये भरपाई. 2025 पासून बँकांनी महिन्यातून किमान दोनदा या कंपन्यांना माहिती कळवायची. सिबिल, एक्सपीरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या चारही पतमाहिती कंपन्या 2022 पासून रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाच्या कक्षेत आल्या आहेत. पण हातची नोकरी गेल्यावर दिवसाला 100 रुपये घेऊन तो उमेदवार काय करणार? दुरुस्तीला नियमानेच 30 दिवस दिलेले असताना रुजू होण्याची तारीख त्यासाठी थांबत नसेल, तर एका नियमाने दिलेले दुसऱ्या अटीने काढून घेतले असे होते.

बँकांपुरताच हा प्रश्न राहिलेला नाही. खाजगी वित्तीय कंपन्या, विमा, लेखापालाची कामे अशा ठिकाणी पार्श्वभूमी तपासणीच्या नावाखाली उमेदवाराकडूनच अहवाल मागवला जातो. 2005 च्या पतमाहिती कंपनी कायद्याने हा अहवाल थेट पाहण्याची मुभा बँका, विमा कंपन्या अशा ठरावीक संस्थांना दिली आहे. नोकरी देणारा म्हणून कोणाला ती दिलेली नाही. मग संमतीपत्रावर सही घेतली जाते. नोकरीच्या दारात उभा असलेला माणूस त्या सहीला नाही म्हणेल का? अमेरिकेत ही प्रथा आपल्यापेक्षा जुनी आहे. तिथल्या 1970 च्या कायद्यात आता अशी तरतूद आहे की अहवालावरून कोणाला नाकारायचे असेल, तर निर्णयाआधी त्याची प्रत उमेदवाराला द्यावी लागते. इलिनॉय राज्याने 2010 मध्ये बहुतेक नोकऱ्यांसाठी अशी तपासणीच बंद केली. बँका मात्र त्यातून वगळल्या, हेही सांगायला हवे. म्हणजे तिथेही बँकांनी आपला हट्ट सोडलेला नाही.

परीक्षेला बसणाऱ्या मुलांनी निकालाची वाट न पाहता फॉर्म भरतानाच अहवाल काढावा. चारही कंपन्यांनी वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट द्यायचा असतो, त्यासाठी कोणा एजंटाला पाचशे रुपये देऊ नयेत. ‘सिबिल वाढवून देतो’ असा फलक लावून बसलेल्यांच्या तर वाऱ्यालाही उभे राहू नये. कर्ज मिटवताना ‘सेटलमेंट’ ऐवजी पूर्ण भरणा करता येतो का ते आधी पाहावे. ना देय दाखला शिक्क्यासह घ्यावा आणि खाते ‘क्लोज्ड’ दिसेपर्यंत पाठपुरावा सोडू नये.

आयबीपीएस आणि स्टेट बँकेकडे मात्र काही मागणे आहे. दोघांची कार्यालये मुंबईतच आहेत, तेव्हा आपल्या खासदारांना तिथवर जायला विमान लागणार नाही. प्रतिकूल अहवालाची व्याख्या जाहिरातीत लिहा: किती रक्कम, किती महिने, कोणत्या प्रकारचे कर्ज. नेमणूक रोखण्याआधी अहवालाची प्रत आणि हरकतीची नोंद उमेदवाराच्या हाती द्या आणि दुरुस्तीचे 30 दिवस संपेपर्यंत जागा राखून ठेवा. रुजू होण्याच्या दिवशी बाकी शून्य असेल, तर जुना उशीर अपात्रतेचे कारण धरू नका. शैक्षणिक कर्ज थकले असेल, तर उमेदवाराला रुजू करून घ्या आणि पहिल्या पगारापासून हप्ता कापा. पगारातून हप्ता कापून घेण्याची सोय बँकेपाशी नाही, असे तर कोणी म्हणणार नाही.

आपला विश्वासू,
एक निवृत्त शाखाधिकारी
विटा, जि. सांगली