गुडघ्याची गादी राखल्याबद्दल

आदरणीय डॉक्टरसाहेब,
स. न. वि. वि.

माझ्या मुलीच्या गुडघ्यातील फाटलेली गादी, म्हणजे मेनिस्कस, कापून न काढता आपण टाके घालून राखलीत, त्याबद्दल हे जाहीर आभार.

कबड्डीत चढाई करताना पाय रोवलेलाच राहिला, अंग मात्र वळले आणि गुडघा असा अडकला की सरळच होईना. एवढ्यावरून आणि सांध्याच्या आतल्या बाजूला बोट दाबताच उठलेल्या कळेवरून आपण फाटलेला तुकडा मध्ये अडकल्याचा अंदाज बांधलात, आणि एमआरआयनेही तेच दाखवले. तरीही टाके घालता येतील की नाही, हे दुर्बीण आत गेल्यावरच ठरेल, असे आपण संमतिपत्रावर सही घेण्याआधी स्पष्ट सांगितलेत; मला ते सर्वांत मोलाचे वाटते.

शस्त्रक्रियेनंतर आपण चित्रीकरण दाखवलेत. आकड्यासारख्या बारीक हत्याराने सरकलेला तुकडा जागेवर बसवणे, चिरेच्या कडा खरवडणे आणि मग टाके घेणे, हे सारे दोन छोट्या छिद्रांतून झालेले पाहून आम्ही थक्क झालो. मोठ्या माणसाच्या गादीला रक्तपुरवठा फक्त बाहेरच्या कडेकडून होतो, म्हणून तिथली चीर सांधण्याची आशा असते आणि आतल्या भागातली सहसा सांधत नाही, हेही तेव्हाच समजले.

फाटका भाग काढून टाकला असता तर ती लवकर चालू लागली असती, आणि खरे सांगायचे तर आमचा कल तिकडेच होता. १९४८ साली फेअरबँक या ब्रिटिश शल्यविशारदांनी गादी काढलेल्या गुडघ्यांच्या क्ष-किरण चित्रांत सांध्यातली फट अरुंद झाल्याचे आणि हाडाचा गोलावा चपटा झाल्याचे नोंदवले होते, हे सांगून आपण आम्हाला थांबवलेत. टाके घातलेली गादी कधी कधी सांधत नाही आणि पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागते, हेही आपण लपवले नाहीत.

त्यानंतरच्या कुबड्या, पट्टा आणि मांडी घालण्यास व उकिडवे बसण्यास मनाई हे सारे कंटाळवाणे होते (खाली बसून जेवणाऱ्या आमच्या घरात त्यासाठी टेबल आले), पण आपल्या फिजिओथेरपिस्ट बाईंनी मांडीच्या स्नायूंचे व्यायाम तिच्याकडून न रागावता, न चुकता करून घेतले. त्यांचेही मनःपूर्वक आभार. मैदानात कधी उतरायचे, हे ती पुढच्या तपासणीत विचारीलच. आपण सांगाल ते आम्ही पाळू.

आपला नम्र,
एका कबड्डीपटूचे वडील