मुंग्यांची राणी टपालाने मागवू नका

माननीय संपादक यांस,
स. न. वि. वि.

आमच्या शेजारच्या कुटुंबाने यंदा उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलासाठी ‘मुंग्यांचे घर’ ऑनलाइन मागवले. पारदर्शक प्लास्टिकचा एक चपटा डबा, त्यात निळसर जेली आणि सोबत एका कुपीत पंचवीस-तीस मुंग्या, असा तो ऐवज होता. जेली हेच मुंग्यांचे अन्न, तेच पाणी आणि तीच माती, तेव्हा डबा कपाटावर ठेवून नुसते पाहत राहायचे, अशी ग्वाही खोक्यावर छापलेली होती. मुंग्यांनी पहिले चार दिवस बोगदे कोरले, मग त्या मंदावल्या आणि तिसऱ्या आठवड्यात डब्याच्या एका कोपऱ्यात मेलेल्या मुंग्यांचा ढीग साचला. तो डबा घेऊन मुलगा माझ्याकडे आला, कारण गेली सहा वर्षे मी घरात मुंगळे पाळते हे आमच्या गल्लीत सर्वांना ठाऊक आहे (आणि त्यावरून होणारी थट्टा मलाही ठाऊक आहे). त्याने विचारले, “आजी, यातली राणी कोणती?” त्यात राणी नव्हतीच.

बहुतेक जातींत राणी नसलेल्या मुंग्या अंगावरचे दिवस काढतात आणि मरतात. त्यांची पुढची पिढी येत नाही. डबा काही आठवड्यांत रिकामा होणार हे विकणाऱ्याला पक्के माहीत असते, घेणाऱ्याला मात्र ते कोणी सांगत नाही. त्या मुलाची समजूत अशी झाली की मुंग्या त्याच्या चुकीने मेल्या. हे मला सहन झाले नाही, म्हणून हे पत्र.

मुंग्या पाळण्याचा छंद वाईट आहे, असे मला मुळीच म्हणायचे नाही. तो नवाही नाही. इंग्लंडचे निसर्ग-अभ्यासक जॉन लबक यांनी एकोणिसाव्या शतकात काचेच्या दोन पट्ट्यांमध्ये माती भरून मुंग्या पाळल्या आणि एका राणीला जवळजवळ १५ वर्षे जगवले. शार्ल जाने या फ्रेंच अभियंत्याने केलेले मुंग्यांचे कृत्रिम घरटे १९०० च्या पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात मांडलेले होते. युरोपातल्या एका काळ्या मुंगीची राणी बंदिस्त घरट्यात २८ वर्षांहून अधिक जगल्याची नोंद आहे; म्हणजे तिथल्या हिशेबाने पहिलीतल्या मुलाने आणलेली राणी त्याच्या लग्नालाही हजर राहू शकते. माझे म्हणणे इतकेच आहे की ही राणी विकत घेऊ नये. ती पावसाळ्याच्या तोंडावर आपल्या ओसरीवर फुकट येते.

वळवाची किंवा मृगाची चांगली सर पडून गेली, हवेत उकाडा आणि दमटपणा राहिला की मुंगळ्यांच्या घरट्यांतून पंख असलेल्या माद्या आणि नर बाहेर पडतात. ‘मुंगीला पंख फुटले’ असे आपण कोणाचा अंत जवळ आला की म्हणतो, आणि नरांच्या बाबतीत ते अक्षरशः खरे आहे, कारण मीलनानंतर ते फार काळ जगत नाहीत. मादीचा संसार मात्र तिथून सुरू होतो. ती जमिनीवर उतरते, मधल्या पायांनी दाबून स्वतःचे पंख गाळून टाकते आणि लपायला भेग शोधू लागते. त्या एका रात्री साठवलेल्या शुक्राणूंवर ती पुढची सारी वर्षे अंडी घालते. आमच्या सातारच्या घरी ओसरीवरच्या दिव्याखाली अशा राण्या मी दरवर्षी पाहते. नेहमीच्या मुंगळ्याहून ठसठशीत, दीड सेंटिमीटरपेक्षा लांब, पाठीचा भाग फुगीर आणि पोट भरदार, अशी ती असते. फरशीवर पंख विखुरलेले आणि जवळच भिंतीकडेने लगबगीने चाललेली एकटी राणी दिसली, म्हणजे आपले काम झाले.

तिला ठेवायला डबा लागत नाही. शाळेच्या प्रयोगशाळेत असते तशी एक काचेची परीक्षानळी घ्यावी, तिचा तिसरा हिस्सा पाण्याने भरावा, पाण्यापर्यंत कापसाचा घट्ट बोळा सरकवावा, राणीला आत सोडावे आणि तोंडाशी दुसरा सैल बोळा लावावा. नळीभोवती कागद गुंडाळून ती अंधाऱ्या, हादरे न बसणाऱ्या जागी आडवी ठेवावी. खर्च चहा-भज्यांपेक्षा कमी येतो. राणीला या काळात खायला काहीही घालायचे नसते, हे लोकांना पटता पटत नाही. उडण्यासाठी लागणारे तिचे पाठीतले स्नायू आता निरुपयोगी झालेले असतात. ते विरघळून त्यांचे पोषण ती स्वतःला आणि पहिल्या अळ्यांना पुरवते. कुतूहलापोटी मधाचा थेंब नळीत टाकला, तर बहुधा बुरशीच धरते.

माझी पहिली राणी मी माझ्याच अधीरतेने घालवली. नळी फ्रिजवर ठेवली होती, जिथे यंत्राची थरथर सतत चालू असते, आणि शिवाय मी दिवसातून चार वेळा कागद उघडून पाहत होते. आठव्या दिवशी अंड्यांचा लहानसा पुंजका दिसला, अकराव्या दिवशी तो नव्हता. घाबरलेली राणी स्वतःची अंडी खाऊन टाकते. दुसऱ्या वर्षीची राणी कपड्यांच्या कपाटात ठेवली आणि आठवड्यातून एकदाच पाहायचे असे स्वतःला बजावले. अंड्यांचा पुंजका मोहरीच्या दाण्याएवढाही नव्हता. पावसापूर्वी मुंग्या तोंडात धरून नेताना दिसतात ती पांढरी ‘अंडी’ म्हणजे प्रत्यक्षात अळ्या आणि कोष असतात, हे तीस वर्षे विज्ञान शिकवूनही मला त्या नळीतच नीट कळले. अळ्या वाढल्या, त्यांनी स्वतःभोवती फिक्या पिवळसर रंगाचे कोष विणले आणि सहाव्या आठवड्यात एका सकाळी भिंग लावून पाहिले, तर राणी एक कोष जबड्याने फाडत होती. आतून ओढून काढलेली मुंगी नेहमीच्या मुंगळ्याच्या निम्मीही नव्हती, रंगाने फिकी होती आणि पाय अंगाशी मुडपून पडून होती. राणी तिला चाटत राहिली. तासाभराने ती उभी राहिली आणि पहिले काम तिने कोणते केले, तर शेजारचा कोष उचलून पाण्याकडच्या ओलसर बाजूला नेला.

मराठीने या बापड्यांना ‘मुंगळा’ म्हणून पुल्लिंगी करून टाकले आहे. साखरेच्या डब्याभोवती दिसणारा प्रत्येक मुंगळा ही खरे तर मादी असते.

पहिल्या कामकरी मुंग्या बाहेर आल्या की मगच खाणे सुरू करायचे: साखरेच्या पाण्याचा किंवा मधाचा थेंब, आणि अळ्यांसाठी एखादा मेलेला डास किंवा नाकतोडा. इथे मी केलेली दुसरी चूक सांगणे भाग आहे. वसाहत दीडशेच्या घरात जाऊन नळीतून डब्यात आली असताना जिन्यात सापडलेले एक झुरळ मी त्यांना उकळून घातले. आदल्याच आठवड्यात इमारतीत औषधफवारणी झाली होती आणि उकळल्याने विष जात नाही, हे माझ्या ध्यानात आले नाही. दुसऱ्या दिवशी चाळीसहून अधिक मुंगळे पाय आखडून पडले होते आणि उरलेले त्यांना एकेक करून ओढत डब्याच्या टोकाला नेत होते. राणी वाचली ती केवळ तिच्यापर्यंत ते खाणे पोचले नव्हते म्हणून. तिसरी चूक त्यामानाने हसण्यावारी गेली. मुंग्यांनी चढून बाहेर येऊ नये म्हणून डब्याच्या वरच्या कडेला आतून टाल्कम पावडर स्पिरिटमध्ये कालवून लावतात. ऑगस्टच्या दमट हवेत तिचा थर सुटतो, हे मला ठाऊक नव्हते, आणि नागपंचमीच्या दिवशी माझे मुंगळे देवघरातल्या नैवेद्यावर रांगेने हजर झाले. सूनबाईंनी मुंग्या मारायचा खडू हातात घेतला होता, तो मी अक्षरशः विनवणी करून खाली ठेवायला लावला.

आता खरेदी-विक्रीकडे येते. ज्यांना जेलीचा डबा पुरत नाही, त्यांच्यासाठी राण्याही विकल्या जातात, आणि परदेशी राणी जितकी मोठी व रंगीत तितका तिचा तोरा अधिक. हा व्यापार कुठपर्यंत जातो, ते २०२५ साली केनियात दिसले. नैवाशा इथे बेल्जियमच्या दोन तरुणांकडे जवळपास ५,००० राणी मुंग्या सापडल्या. दोन हजारांहून अधिक नळ्यांत, कापसाचे बोळे लावून, म्हणजे वर मी सांगितलेल्याच पद्धतीने त्या भरलेल्या होत्या. त्यांत आफ्रिकेतल्या मोठ्या धान्यवेच्या मुंग्या होत्या. नैरोबीच्या न्यायालयाने त्या वर्षीच्या मे महिन्यात प्रत्येकी १० लाख केनियन शिलिंग दंड केला. हस्तिदंत पकडणाऱ्या खात्याला आता कापसाचे बोळे तपासावे लागत आहेत. या मुंग्या बिया वाहून नेतात, माती उलथतात; हजारो राण्या उचलल्या की त्या माळरानाचे नुकसान होते. ज्या देशात त्या पोचतात, तिथला धोका वेगळाच. दक्षिण अमेरिकेतली लाल आगमुंगी १९३० च्या दशकात अमेरिकेच्या मोबील बंदरातून शिरली, २००१ मध्ये ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनला सापडली आणि २०२३ मध्ये ती सिसिलीत वसल्याचे जाहीर झाले. ही मुंगी छंदापायी नव्हे तर व्यापारी मालातून पसरली, हे मान्य. पण वसाहत उभी राहायला गर्भार राणी एकच पुरते, मग ती जहाजातून येवो की पाकिटातून. भारतात जिवंत कीटक परवान्याशिवाय आणता येत नाहीत. २००३ च्या वनस्पती विलग्नवास (क्वारंटाइन) आदेशात ती अट आहे. ‘गंमत म्हणून मागवली’ हे उत्तर तिथे चालणार नाही.

‘आम्ही देशीच विकतो’ असे सांगणाऱ्यांनाही माझा प्रश्न आहे. देशी म्हणजे स्थानिक नव्हे. आसामातली राणी साताऱ्यात परकीच, आणि डबा हातातून पडायला वेळ लागत नाही. शिवाय, दूरची मुंगी कशाला हवी? पश्चिम घाटात आणि दक्षिण भारतात उडी मारून शिकार करणारी एक मुंगी आहे. तिच्या वसाहतीतली राणी गेली की कामकरी मुंग्या आपसांत मिशांनी झुंजतात, जिंकलेल्या अंडी घालू लागतात आणि त्यांचा मेंदू आकसतो. पुन्हा कामाला जुंपल्या तर तो पूर्ववत होतो, असे २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसले. डायाकॅमा नावाच्या काळपट मुंगीला तर राणीच नसते, आणि तिच्या बिळाच्या तोंडाशी पिसे व काटक्या रचलेल्या असतात. कोकणातल्या आंब्याच्या झाडावर पाने शिवून घर करणाऱ्या ओंबीलांच्या वाटेला मात्र कोणी जाऊ नये. त्या डब्यात सुखाने राहत नाहीत आणि राहूही देत नाहीत.

माझ्या एका मैत्रिणीचा आक्षेप असा की मुंग्यांना साखर-पीठ घालणाऱ्या आपल्या लोकांनी त्यांना कोंडावे का. हा आक्षेप मी हलक्यावारी नेत नाही. उत्तर इतकेच देते की उडालेल्या राण्यांपैकी बहुतेक पाल, चिमण्या आणि बेडूक यांच्या पोटात जातात. दिव्याखालची एक उचलल्याने अंगणातल्या मुंग्या कमी होत नाहीत. पण घरटे खणून राणी काढणे हा त्या वसाहतीचा सत्यानाश आहे, आणि तो कोणी करू नये. अभयारण्यातून तर काहीच उचलू नये.

ऑनलाइन विक्रीवर लक्ष ठेवणाऱ्या यंत्रणेकडे माझी मागणी साधी आहे. जिवंत मुंग्या विकणाऱ्याला तीन गोष्टी खोक्यावर ठळक छापणे बंधनकारक करावे: मुंगीची जात कोणती, ती कोणत्या जिल्ह्यातून पकडली आणि आत राणी आहे की नाही. तिसऱ्या ओळीत ‘नाही’ असे छापावे लागले, तर जेलीचे डबे आपोआप कमी होतील, असा माझा अंदाज आहे.

शेजारच्या मुलाला मी रिकामी नळी, कापूस आणि भिंग देऊन ठेवले आहे. मृग नक्षत्र ७-८ जूनच्या सुमारास लागते, तेव्हा हे पत्र त्याआधी छापता आले तर बरे होईल.

आपली नम्र,
एक निवृत्त विज्ञान शिक्षिका, सातारा