दुखत नसतानाही आत डोकावणाऱ्या डॉक्टरांना

आदरणीय डॉक्टर,
सप्रेम नमस्कार.

क्रोन्सच्या, म्हणजे आतड्याला वारंवार सूज आणि व्रण आणणाऱ्या आजाराच्या, शस्त्रक्रियेनंतर तुमच्या ओपीडीत येणाऱ्या आम्हा सगळ्यांकडून हे पत्र. सर्जननी आतडं कापून जोडलं, त्यांचे ऋण आहेतच. टाके निघाल्यावर जगायचं कसं, ते मात्र तुम्ही शिकवलंत.

फाइलच्या पहिल्या पानावर तुम्ही लाल पेनाने एक आकडा लिहिता: लहान आतड्याचं शेवटचं टोक किती सेंटिमीटर काढलं. डिस्चार्ज कार्डावर तो नसेल तर ऑपरेशन नोट्स आणायला लावता. २० सें.मी.हून जास्त गेलं असेल तर बी-१२ जीवनसत्त्वाची तपासणी नेमाने, कारण ते शोषलं जातं तिथेच.

जुलाब लागले की आजार उलटला, असं समजून आम्ही घाबरायचो. पित्तक्षार, म्हणजे चरबी पचवणारे पित्तातले घटक, हेही त्याच टोकातून परत शोषले जातात. ते टोक नसलं की पित्तक्षार मोठ्या आतड्यात उतरतात आणि जेवल्यावर पाण्यासारखे जुलाब होतात, हे तुम्ही कागदावर आतडं काढून दाखवलंत. त्यावर पित्तक्षार धरून ठेवणाऱ्या कोलेस्टिरामिनची ४ ग्रॅमची पुडी. बाकीच्या गोळ्या तिच्या तासभर आधी किंवा ४ ते ६ तासांनंतर, नाहीतर पुडी त्यांनाही धरून ठेवते. पण १०० सें.मी.हून अधिक आतडं गेलेल्यांना पित्तक्षारच पुरत नाहीत, शौच तेलकट होते, आणि हीच पुडी त्रास वाढवते. शेजारच्या रुग्णाची चिठ्ठी बघून औषध आणू नका, असं तुम्ही का बजावता ते तेव्हा कळलं.

सर्वांत मोठे आभार सहाव्या महिन्याच्या कोलोनोस्कोपीचे, म्हणजे नळीने आतडं आतून तपासण्याचे. वजन वाढतंय, भूक लागतेय, मग नळी कशाला, असं जवळपास प्रत्येक जण विचारतो. जोडाच्या लगेच वर व्रण आधी उठतात, दुखणं कित्येक महिन्यांनी येतं, हे तुम्ही दरवेळी न कंटाळता सांगता. जोडाजवळ आजार किती परतला ते मोजणारी रुटगीर्ट्स श्रेणी आय-२ किंवा वर आली की औषध वाढवता, त्रासाची वाट बघत नाही. मधल्या काळात आतड्याची सूज दाखवणारी शौचाची कॅलप्रोटेक्टिन तपासणी. बायोलॉजिक, म्हणजे प्रतिकारशक्ती आवरून सूज कमी करणाऱ्या औषधाच्या आधी क्षयाची तपासणी, कारण आपल्याकडे क्षय याच आतड्यातही बसतो.

सिगारेट सोडायला तर तुम्ही घरच्यांनाही समोर बसवून सांगितलंत. डोकं दुखलं तरी आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक नको, पॅरासिटामॉल घ्या, हेही आता घराघरांत पाठ आहे.

पुढच्या तारखेला फाइल घेऊन येतोच, लाल आकड्याच्या पानासकट.

कृतज्ञ,
तुमच्या ओपीडीतले रुग्ण आणि त्यांची घरची माणसं